एकच डबा, रोज तेच खाणं: टँकमधल्या माशांना पुरतं का?

टँक घेतल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या गप्पींच्या पाठी वाकायला लागल्या. आधी एक मादी, मग महिनाभरात आणखी दोन. बाजूने पाहिलं की मणका सरळ न जाता मध्येच कमानीसारखा उचललेला दिसायचा आणि शेपटीकडचा भाग खाली लोंबायचा. पोहताना सगळं अंग हलवायच्या, तरी पुढे फारशा सरकायच्या नाहीत. पाणी दर आठवड्याला बदलत होतो, फिल्टर नीट चालत होता. खाणं मात्र वर्षभर एकच होतं. दुकानातून सुटं आणलेलं लाल-हिरव्या बारीक गोळ्यांचं अर्ध्या किलोचं पाकीट, तोंडाला रबरबँड लावून टँकच्या झाकणावरच ठेवलेलं. खालून ट्यूबलाइटची ऊब, वरून जुलैची दमट हवा. एकदा ते पाकीट नाकाशी धरलं, तर जुन्या खोबऱ्याला येतो तसा खवट वास आला. इतके दिवस तेच खाणं मी त्यांना घालत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

पाठ वाकण्याची कारणं बरीच असतात. आनुवंशिक दोष असतो, माशांमधला क्षय असतो, नुसतं म्हातारपणही असतं. पण त्या वासामुळे मी खाण्याकडे वळलो आणि टँकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेला एक वाद माझ्या घरचा झाला. माशांना रोज एकच चांगलं खाणं घालावं, की आलटून पालटून वेगवेगळं? एक जण म्हणतो, "माझा गोल्डफिश नऊ वर्षं एकाच डब्यावर आहे, बघा कसा गुटगुटीत." दुसरा शपथेवर सांगतो की ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी), पालक असं फिरवत राहिल्याशिवाय मासा खुलतच नाही. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून वाद मिटत नाही.

माझं मत आधीच सांगतो. एकच खाणं पुरतं, पण ते पूर्ण हवं, ताजं हवं आणि त्याच जातीच्या माशाला मानवणारं हवं. घरच्या टँकमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम क्वचित जुळतात. जिथे जुळत नाहीत, तिथली भोकं बुजवायला विविधता लागते.

एकाच खाण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मत्स्यशेतीतला आहे. पाळलेले सामन आणि ट्राउट पिल्लं असल्यापासून बाजारात जाईपर्यंत कारखान्यात बनलेल्या गोळ्यांवर वाढतात. मासा वाढेल तशी गोळी मोठी होते, प्रथिनं आणि चरबीचं प्रमाण बदलतं, पण चवीत बदल म्हणून कोणी त्यांना आज कोळंबी आणि उद्या गांडूळ देत नाही. प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशचंही तसंच. हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी तो आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी निवडला, १९८१ मध्ये त्यांचा निबंध गाजला आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. पुष्कळ ठिकाणी त्याला सवयीने आर्टेमिया देतात, पण नीट बनवलेल्या कोरड्या खाण्यावरही तो वाढतो, अंडी घालतो आणि त्या अंड्यांतून धडधाकट पिल्लं निघतात.

घरच्या टँकमध्ये हे शक्य झालं ते फ्लेक्स आल्यावर. जर्मनीतल्या उल्रिख बेन्श यांच्या टेट्रा कंपनीने १९५५ मध्ये टेट्रामिन नावाचे फ्लेक्स बाजारात आणले. त्याआधी मासे पाळायचे म्हणजे डबक्यातून किडे गाळून आणायचे किंवा पाणपिसवा नावाचे बारीक जलजीव वाळवून त्यांवर भागवायचं. डब्यातून चिमूटभर कागदासारखे तुकडे टाकून मासे जगवता येतात, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

पण मत्स्यशेतीतली गोळी आणि माझ्या झाकणावरची गोळी दिसायला सारखी असली तरी एक नव्हती. 'पूर्ण' या शब्दात बरंच काही येतं.

प्रथिनांचंच घ्या. आपण वरणभात एकत्र खातो. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते तांदूळ भरून काढतो. माशालाही अशी दहा अमिनो आम्लं खाण्यातूनच मिळवावी लागतात, ती त्याच्या शरीरात पुरेशी बनत नाहीत. दहातलं एक कमी पडलं तर बाकीची नऊ कितीही असोत, अंगात मांस धरत नाही. उरलेली प्रथिनं जळतात आणि त्यांचा अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात येतो. म्हणजे निकृष्ट खाण्याने मासा खंगतो आणि शिवाय पाणीही लवकर बिघडतं. चांगल्या गोळीत फिशमील (माशांची भुकटी), कोळंबीची भुकटी, सोयाबीन, गहू यांचा मेळ घातलेला असतो, तो याच हिशोबाने. स्वस्त गोळीत पीठ जास्त आणि रंग जास्त.

जीवनसत्त्वांची गोष्ट याहून बोलकी आहे. क जीवनसत्त्व माणसाच्या शरीरात बनत नाही, तसंच ते बहुतेक माशांच्याही शरीरात बनत नाही. ते नसेल तर हाडांना आणि कूर्चांना धरून ठेवणारं कोलॅजेन नीट तयार होत नाही. जुन्या काळी लांबच्या प्रवासातल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते याच कमतरतेमुळे. माशाचा मणका वाकतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे कॅटफिशची मोठी शेती चालते. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. मातीच्या तळ्यात कमी दाटीने सोडलेले मासे ठीक असायचे. तेच खाणं घालून पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढवलेले मासे मात्र पाठ मोडल्यासारखे वाकडे निघायचे. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात झालेल्या कामातून कारण स्पष्ट झालं. खाण्यात क जीवनसत्त्व पुरेसं नव्हतंच, पण तळ्यातला मासा येता-जाता किडे, शेवाळ, बारीक जीव खाऊन ती कसर भरून काढत होता. पिंजऱ्यातल्या माशाला ते मिळत नव्हतं. खाण्यात जीवनसत्त्व वाढवल्यावर पाठी सरळ राहू लागल्या.

हे वाचलं तेव्हा मला माझा टँक दिसला. आपल्याकडे रोहू-कटल्याच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड टाकतात. नुसता कोंडा आणि पेंड कोणत्याही हिशोबाने पूर्ण खाणं नाही, तरी मासे वाढतात. कारण शेणखताने हिरवं झालेलं तळ्याचं पाणी हेच त्यांचं अर्धं ताट असतं. गप्पींचंही तसंच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हे मासे १९०८ मध्ये भारतात आणले गेले, आणि आजही हिवतापाचे कर्मचारी ते डबक्यांत आणि विहिरींत सोडतात. कुणी खाणं घालत नाही, तरी ते हजारोंनी वाढतात, कारण अळ्या, शेवाळ, कुजका पाला, तळाचा गाळ असं सगळं त्यांना चरायला मिळतं. मी त्यातल्याच मूठभर माशांना स्वच्छ काचेच्या पेटीत आणलं, शेवाळ खरवडून काढलं, तळ उपसून चकचकीत केला आणि समोर एकच गोळी ठेवली. काचेतला मासा पिंजऱ्यातल्या कॅटफिशसारखा असतो. आपण देतो त्यापलीकडे त्याला काहीही मिळत नाही.

आता ताजेपणा. डब्यावर जीवनसत्त्वांची यादी छापलेली असते, ती डबा कारखान्यातून निघाला त्या दिवसाची. क जीवनसत्त्वाला हवा, ऊब, उजेड आणि ओल चारही बाधतात. चांगले उत्पादक ते टिकाऊ रूपात घालतात, तरी झाकण उघडलं की घट सुरू होतेच. माशांच्या खाण्यातली चरबी मुद्दाम पातळ, असंतृप्त प्रकारची ठेवतात, कारण थंड रक्ताच्या प्राण्याला तीच मानवते. पण हीच चरबी सगळ्यात लवकर खवट होते, आणि खवट होताना ई जीवनसत्त्वही खाऊन टाकते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात पापड दोन दिवसांत मऊ पडतो, तिथे रबरबँड लावलेल्या पाकिटाचं काय होत असेल? बुरशी धरली तर विषबाधेचीच भीती. आणि टँकमध्ये पडल्यावरही वेळ मोजका असतो. पातळ फ्लेक अर्धा मिनिट पाण्यात तरंगला तरी विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा मोठा वाटा पाण्यात निघून जातो. म्हणून एकदम मूठभर टाकून 'खातील हळूहळू' म्हणणं चुकीचं. लगेच उचलतील एवढंच टाकावं.

मी आता पन्नास ग्रॅमचा डबा घेतो, उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहितो आणि दोन-तीन महिन्यांत संपला नाही तर उरलेलं फेकतो. टँकवर काही ठेवत नाही. डबा कपाटात, उजेडापासून लांब. किलोचं पाकीट स्वस्त पडतं हे खरं, पण चार गप्पी आणि दोन मॉलींना ते कित्येक वर्षं पुरतं, आणि दुसऱ्या वर्षी त्या पाकिटात पोटभरीचं पीठ तेवढं उरतं.

तिसरी अट माशाच्या पोटाची. 'फिश फूड' एवढंच लिहिलेला डबा घेऊन आपण त्यात गोल्डफिश, फाइटर आणि काच चाटणारा सकर या तिघांचं भागवतो. हे तिघं एकमेकांच्या ताटात जेवणारे नव्हेत. फाइटर थायलंडकडच्या उथळ पाण्यातला, पाण्यावर पडणारे किडे आणि अळ्या टिपणारा. त्याचं आतडं आखूड, त्याला प्राणिज प्रथिनं लागतात, आणि नुसत्या पिठाच्या गोळीवर त्याचं पोट फुगतं. सकर दिवसभर शेवाळ खरवडणारा, त्याच्या लांबलचक आतड्याला तंतुमय खाणं लागतं, आणि नुसता टँकच्या काचेवर सोडला तर तो उपाशी मरतो. 'तो घाण खाऊन जगतो' हा गैरसमज फार माशांच्या जिवावर उठला आहे. गोल्डफिशच्या पिल्लाला खाण्यात प्रथिनं साधारण ३० टक्के असली तरी पुरतात. डिस्कस या चपट्या माशाला ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास लागतात. एका डब्यात दोघांचं बसणार कसं?

गोल्डफिशचं तर आणखी वेगळं. त्याला जठरच नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं खाणं सरळ आतड्यात उतरतं. साठवायला पिशवी नसल्यामुळे तो दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे, एकदम ढीग टाकला तर बरंचसं अर्धवट पचून बाहेर येतं. आणि चरणारा असल्यामुळे तो सदा तोंड वासून समोर येतो.

माझी आजी रोज संध्याकाळी आमच्या गोल्डफिशला पोळीचा चुरा घालायची.

"आजी, नको घालूस गं, बाधतं त्याला."

"अरे, तोंड बघ कसं आ करतंय. भुकेलंय ते. आपण जेवायचं आणि त्याने बघत बसायचं?"

तिच्या मायेपुढे अमिनो आम्लं सांगणं कठीण होतं. पण पोळीवरचं तेल पाण्यावर तवंग धरायचं, चुरा फुगून तळाशी कुजायचा आणि सकाळी पाणी ढगाळ दिसायचं. शेवटी तडजोड झाली. ती पोळ्या करताना दोन मटार उकडायची, साल काढायची आणि बोटांनी चुरून टाकायची. मटारातल्या तंतूंनी गोल्डफिशचं पोट साफ राहतं, पाणीही बिघडत नाही, आणि आजीला स्वतःच्या हाताने घालायचं समाधान मिळालं. विविधता म्हणजे काय याचं माझ्या घरातलं हे पहिलं चांगलं उदाहरण. पोळी, भात, बिस्किट, ब्रेड हे घरातलं 'वेगळं काहीतरी' विविधता नव्हे. नावं चार झाली तरी ते सगळं पीठच.

विविधता चुकीची झाली तर नुसतं वाया जात नाही, अपायही होतो. ऑस्कर, अरोवाना असे मोठे शिकारी मासे पाळणारे हौसेने त्यांना जिवंत छोटे गोल्डफिश घालतात. 'निसर्गात मासे मासेच खातात' हा त्यामागचा युक्तिवाद. पण गोल्डफिश आणि कार्प यांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ब-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. हे कळलं ते कोल्ह्यांमुळे. १९३२ मध्ये मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या फार्मवर फरसाठी पाळलेले कोल्हे अंग आखडून, लुळे पडून मरू लागले. त्यांच्या खाण्यात कच्चा कार्प होता. मासा शिजवून दिला की त्रास होत नव्हता, कारण उष्णतेने ते विकर नष्ट होतं. फ्रीजरमध्ये ठेवून मात्र ते जात नाही. जे कोल्ह्यांचं झालं ते रोज गोल्डफिश गिळणाऱ्या अरोवानाचंही होऊ शकतं. शिवाय दुकानातल्या खच्चून भरलेल्या टाकीतल्या त्या माशांबरोबर जंतूही घरी येतात. त्याऐवजी सोललेली कोळंबी, चांगली मोठी गोळी, मधूनच गांडूळ किंवा टोळ असं फिरवलं तर मासा जास्त सुरक्षित राहतो.

ट्युबिफेक्सचं तेच. क्रॉफर्ड मार्केटात टँकच्या दुकानांबाहेर ताटलीत वळवळणारा लालभडक गुंता पाहिला असेल, तो हाच. मासे त्याच्यावर तुटून पडतात. पण हे किडे सांडपाण्याच्या चिखलात वाढतात आणि तिथलं सगळं पोटात घेऊन येतात. जिवंत घालायचेच असतील तर कित्येक दिवस वाहत्या पाण्यात धुवावे लागतात. मी ते सोडून दिले. ब्लडवर्म त्यामानाने बरे, फ्रोझन असतील तर आणखी बरे. ते गांडुळासारखे किडे नव्हेत, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका कीटकाच्या अळ्या असतात, आणि आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन असल्यामुळे लाल दिसतात. वाळवलेल्या ब्लडवर्मची पूड नाकात गेली तर काही लोकांना जोरदार अ‍ॅलर्जी येते, तेव्हा डबा हलवून फुंकू नका. आणि माशांना त्यांची चटक लावू नका. महिनाभर नुसते ब्लडवर्म खाल्लेला फाइटर गोळी तोंडात घेऊन थुंकून टाकतो, हे मी पाहिलं आहे.

बाल्कनीत बादली ठेवून डासांच्या अळ्या वाढवायचा सल्लाही कुणी देतं. फाइटरला त्या आवडतात यात शंका नाही, पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. दोन अळ्या निसटल्या तर शेजारच्या घरात आजारपण येईल. त्याऐवजी मॉइना आहे, पाणपिसवांचा बारीक भाऊबंद. टबात हिरवं पाणी आणि चिमूटभर यीस्ट यांवर तो उन्हाळ्यात भराभर वाढतो.

रंगाबद्दल थोडं. गोल्डफिशचा नारिंगी फिका पडतो तेव्हा लोक दिव्याला दोष देतात. मासा हे रंगद्रव्य स्वतः मुळापासून बनवू शकत नाही, ते कॅरोटिनॉइडच्या रूपात त्याला खाण्यातून मिळावं लागतं. गोल्डफिश त्यातल्या त्यात हुशार, स्पिरुलिनासारख्या शेवाळातल्या पिवळ्या द्रव्यांपासून तो स्वतःचा लाल बनवून घेतो. म्हणून आठवड्यातून दोनदा स्पिरुलिनाचे फ्लेक्स घातले तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. गोळीला लावलेला लाल रंग मात्र नुसता गोळीचाच असतो.

मग शेवटी मी काय करतो? माशानुसार निवडलेल्या दोन चांगल्या कंपन्यांच्या गोळ्या, एक दिवसाआड बदलून. एका कंपनीने जे कमी घातलं ते दुसरीने घातलं असेल, एवढाच त्यामागचा विचार आहे. दुकानात मिळणाऱ्या शेकडो जातींपैकी फार थोड्यांच्या गरजा कुणी मोजल्या आहेत. ट्राउटला नेमकं काय लागतं हे ग्रॅममध्ये सांगता येतं, आपल्या मॉलीला काय लागतं याचा अंदाजच बांधावा लागतो. शेतीतला मासा वर्ष-दोन वर्षांत ताटात जातो, माझा गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगावा असं मला वाटतं. एवढ्या मुदतीत बारीकशी कमतरताही साचत जाते. आठवड्यातून एकदा मटार किंवा वाफवलेला पालक, एकदा-दोनदा फ्रोझन आर्टेमिया किंवा मॉइना, आणि एक दिवस पूर्ण उपास. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाली, नेहमीचा डबा मिळेना, तेव्हा एकाच खाण्याला सोकावलेले मासे असलेल्या मित्रांची तारांबळ उडाली. माझ्या माशांनी मिळेल ते बिनतक्रार उचललं.

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी गोळीवर विसंबत नाही. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, उलटी टांगलेली कोल्ड्रिंकची बाटली, तळाशी हवेची नळी आणि चिमूटभर आर्टेमियाची अंडी. २८ अंशांच्या आसपास ऊब असली की दिवसभरात नारिंगी ठिपके पाण्यात थरथरायला लागतात. त्यांच्या अंगातला बलक संपायच्या आत, पहिल्या काही तासांतच ते घालायचे असतात, नंतर त्यांच्यात फारसा कस राहत नाही. बाटलीखाली मोबाइलचा टॉर्च धरला की सगळे उजेडाकडे गोळा होतात. ते ड्रॉपरने ओढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि पिल्लांच्या टँकमध्ये सोडायचे. आज सकाळी सोडले. गप्पीची पिल्लं अजून इतकी पारदर्शक आहेत की आतलं दिसतं. पाच मिनिटांत एकेकाचं पोट केशराच्या थेंबासारखं भरून आलं, आणि पाठी सगळ्यांच्या सरळ आहेत.